मामाच्या घराचा गोठा

बोरिवली स्टेशनाच्या पश्चिमेस, एक्सरच्या अंगास आमच्या मातुलगृहाची जुनी वास्तु अद्याप उभी आहे. ‘अद्याप’ हा शब्द येत्या दिवाळीपर्यंतच खरा समजावा. कारण तिच्या जागीं सात मजली इमारत उठविण्याच्या करारावर घरांतील सर्वांच्या सह्या झाल्या असून, मातोश्रींच्या वांट्यामुळें लागणारी आमची तेवढी राहिली होती. सही करण्यापूर्वीं घराचा नकाशा तरी काढून ठेवावा, या बेतानें आम्ही गेल्या चैत्रांत मोजमापाची फीत घेऊन तेथें चार दिवस मुक्काम केला.

जोतें काळ्या दगडाचें, खांब सागाचे, आंतल्या भिंती कारवीच्या कुडाच्या व शेणमातीनें लिंपलेल्या. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर अशी एकामागें एक ओळ, आणि शेवटीं त्याच आढ्याखालीं गोठा. सरासरीनें नव्वद इंच पाऊस कोसळणाऱ्या साष्टींत छपरास उतार तीव्र लागतो व पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्या लागतात. म्हणून चोहों बाजूंस पडवी. मूळचीं कौलें नळ्यांचीं. दरवर्षीं पावसापूर्वीं शाकारणी आलीच. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढें मंगलोरी कौलें कोंकणपट्टीभर पसरलीं. आमच्या आजोबांनींही घरावर तींच चढविलीं. गोठ्यावर मात्र जुनींच राहूं दिलीं. यांत काटकसर होती हें खरें, पण नळ्यांच्या फटींतून वारा खेळतो व माळ्यावरचा पेंढा कुबट होत नाहीं, हेंही त्यांच्या ध्यानीं असावें.

आमचा अधिक वेळ गेला तो गोठ्यांत. तेथील फरसबंदी स्वयंपाकघराकडून बाहेरच्या भिंतीकडे बेतानें उतरत जाते. आम्हीं तांब्याभर पाणी ओतून पाहिलें. तें कोठेंही न रेंगाळतां मधल्या पन्हळीनें वाहत भिंतीच्या भोकावाटे शेणखळग्याकडे निघून गेलें! गव्हाणीची दगडी कड गुरांच्या मानांनीं घासून आरशासारखी झाली आहे. इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत, डार्टमूरच्या थंड माळावर, मध्ययुगीन शेतकऱ्यांचीं अशीच लांबट दगडी घरें आहेत. वरच्या अंगास माणसें, उताराच्या अंगास गुरें, मध्यें दोघांच्या येण्याजाण्याची एकच वाट, आणि गोठ्याच्या मधोमध पन्हळ. तेथें थंडी व येथें पाऊस, परंतु गुरांस एकाच छपराखालीं घेण्याची बुद्धि एक. पुढें ती मागें पडली. १९४९ सालीं गोरेगांवाजवळ आरे वसाहत निघाली व शहरांतील तबेल्यांच्या म्हशी तिकडे हलविण्यांत आल्या. १९५७ सालीं बोरिवलीच बृहन्मुंबईंत गेली. आमच्या मामांनीं मात्र बराच काळ दोन म्हशी राखल्या होत्या.

स्वयंपाकघर व गोठा यांमध्यें एक ठेंगणें दार आहे. लहानपणीं त्याच उंबऱ्यावर बसून आम्ही धारोष्ण दूध प्यालों आहों. डेव्हनच्या त्या वाटेचाच हा आपला अवतार, असें मानून आम्हीं नकाशावर दारापाशीं ‘मूळ बांधणी’ असें लिहिलें, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर मामींस पूर्वजांच्या दूरदृष्टीवर एक लहानसें व्याख्यानच दिलें.

मामींनीं चष्मा पुसला. “अरे, कसले पूर्वज? तें दार माझ्यामुळें पडलें. लग्न होऊन आलें त्या पावसाळ्यांत धार काढायला मागच्या अंगणांतून भिजत जावें लागे. चौथा महिना होता मला. शेवाळावरून पाय घसरला नि पडलें. मूल गेलें. मग मामंजींनीं दुसऱ्याच आठवड्यांत गवंडी आणून भिंत फोडली. कुणी कांहीं बोललें नाहीं.”

“मामी, हें आम्हांला ठाऊक नव्हतें.”

“तुला कसें असेल? तुझ्या आईलासुद्धां मीं सांगितलें नव्हतें.”

मामींचें लग्न १९६८ सालचें. आम्हीं रबर घेऊन ‘मूळ बांधणी’ हीं अक्षरें खोडलीं व त्या जागीं ‘१९६८, श्रावण’ असें लिहिलें. “श्रावण नव्हे, आषाढ,” मामी म्हणाल्या. तेंही दुरुस्त केलें.

सकाळीं कराराच्या कागदांवर आमची सही झाली. मामींनीं चहाचा पेला पुढें सरकवला, आणि नव्या घराच्या नकाशांत स्वयंपाकघराची मोरी कोणत्या अंगास दाखविली आहे, तें नीट पाहून सांगावयास सांगितलें.