एकाच नावाचे दोन आजार

२०२२ साली आमच्या गल्लीतल्या दोन घरांत एकच शब्द शिरला : जठराचा कर्करोग. एक घर आमचे, दुसरे समोरच्या अण्णांचे. अण्णा कन्नड, आमचे आप्पा मराठी. पण संध्याकाळी कट्ट्यावर दोघांच्या गप्पा दोन्ही भाषांत रंगत. मी तेव्हा बारावीत होतो. जूनमध्ये अण्णांचे ऑपरेशन झाले. ऑगस्टमध्ये आप्पा गेले.

अण्णा आजही सकाळी दूध आणायला जातात. ते दिसले की आई दार लोटून घेते. राग त्यांच्यावर नाही, स्वतःवर आहे. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माझ्या हातचं तिखटच नडलं की रे त्यांना. अक्का बेतानं घालतात, म्हणून अण्णा वाचले." मी गप्प बसलो. माझ्यापाशी उत्तर नव्हतेच.

यंदा बी. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षाला सेमिनारचा विषय निवडायचा होता. मी हाच निवडला. सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

१९६५ साली लॉरेन या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाच्या दोन मुख्य जाती वेगळ्या केल्या : आतड्यासारखी रचना करणारी आणि विखुरत जाणारी. पुढे २०१४ साली 'द कॅन्सर जीनोम ॲटलास' या प्रकल्पाने २९५ गाठींचा जनुकीय अभ्यास करून चार गट मांडले. सुमारे निम्म्या गाठींत गुणसूत्रांचीच मोडतोड होती. सुमारे २२ टक्क्यांत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडली होती. सुमारे ९ टक्क्यांत एपस्टीन-बार विषाणू सापडला. उरलेल्या पाचव्या हिश्शाला नाव मिळाले 'जनुकीयदृष्ट्या स्थिर'. नाव सौम्य, पण विखुरणाऱ्या जातीच्या गाठी याच गटात जास्त, आणि रुग्णांचे भवितव्य सर्वांत बिकट तेही याच गटात.

अन्ननलिकेची गोष्ट तर आणखी नवलाची. २०१७ साली याच प्रकल्पाने दाखवले, की तिच्या वरच्या भागात जास्त आढळणारा स्क्वेमस कर्करोग डोके-मानेच्या कर्करोगाशी नाते सांगतो. खालच्या टोकाचा ॲडिनोकार्सिनोमा मात्र जठरातल्या मोडक्या गुणसूत्रांच्या गटाचा सख्खा भाऊ. नकाशावरची रेघ आणि माणसांची नाती जुळतातच असे नाही, हे आम्हां सीमाभागातल्या मुलांना वेगळे सांगायला नको!

मग मी दोन्ही घरच्या फायली उघडल्या. अण्णांच्या रिपोर्टात 'एमएसआय-हाय' असे होते. म्हणजे तीच दुरुस्तीची यंत्रणा बंद. या अंकाचा मुद्रितशोधक रजेवर गेला तर पानोपानी चुका राहतील. तशाच त्या पेशींत राहतात. पण इतक्या चुका असल्यामुळेच शरीराच्या रक्षक पेशींना त्या परक्या म्हणून ओळखू येतात. २०१५ सालच्या ३०० गाठींच्या एका अभ्यासातही याच गटाचे रुग्ण सर्वांत चांगले निभावले होते. आप्पांची जनुकीय तपासणी झाली नव्हती. रिपोर्टात फक्त 'सिग्नेट रिंग सेल' लिहिले होते : विखुरणारी जात. या जातीत पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडेरिन हे प्रथिन बहुधा बिघडलेले असते. विटा जागच्या जागी, पण मधला चुनाच झडलेला. गाठ कळली तेव्हा रोग पोटाच्या पडद्यावर पसरला होता.

रात्री आईला हे सारे माझ्या भाषेत सांगितले. हेलिकोबॅक्टर जीवाणू, तंबाखू, अतिरेकी मीठ यांचा धोका ठाऊक आहे. पण एका माणसाच्या एका गाठीचा दोष एका हातच्या आमटीवर टाकता येत नाही. आप्पांना आणि अण्णांना एकच आजार नव्हता, नाव तेवढे एक होते.

ती बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढलेले ते चार महिने?"

अण्णा लवकर गेले होते, आम्ही उशिरा. त्याचाही वाटा होताच. तो किती, हे माझ्या चार गटांच्या तक्त्यात कुठेच नव्हते. मी खोटे बोललो नाही. "ते चार महिने आपल्या सगळ्यांचे, आई," एवढेच म्हणालो. "तुझ्या एकटीचे नाहीत."

म्हणून मित्रांनो, घरी कुणाचे वजन विनाकारण घटत असेल, घास अडकत असेल, पोटाची तक्रार आठवडे उलटले तरी हटत नसेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नका. दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि गाठ निघालीच, तर ती कुठे आहे एवढ्यावर थांबू नका. ती कोणत्या जातीची आहे, तेही डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारले नव्हते.