उलटसुलट चर्चा

२३ जून २०१९, रविवार. त्या दिवशी रॅव्हलरीने आपल्या सदस्यांसाठी नवा नियम जाहीर केला. डोनाल्ड ट्रम्प किंवा त्यांच्या प्रशासनाला पाठिंबा देणारं काहीही यापुढे इथे चालणार नाही. चर्चेत नाही, स्वतःच्या परिचयात नाही, विणलेल्या वस्तूंच्या नोंदीत नाही आणि पॅटर्नमध्ये तर मुळीच नाही. या प्रशासनाला पाठिंबा म्हणजे गोऱ्यांच्या वर्चस्ववादाला पाठिंबा, असं कारणही सोबत लिहिलं होतं. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि पुष्कळांना आधी हसूच आलं. कारण रॅव्हलरी हा काही पक्ष नव्हे. दोन सुयांवर आणि क्रोशावर विणणाऱ्यांची ती ऑनलाइन वसाहत आहे.

हसणाऱ्यांना या वसाहतीचा आवाका ठाऊक नसावा. २००७ साली बॉस्टनमध्ये जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स या जोडप्याने ती सुरू केली आणि नियम आला तेव्हा तिथे ८० लाखांहून अधिक सदस्य होते. प्रत्येकाची आपली वही असते. कोणती लोकर घेतली, कितव्या नंबरच्या सुया, किती गुंडे लागले, बाही कुठे फसली, सगळं त्यात. पॅटर्न लिहून विकणाऱ्यांसाठी हीच बाजारपेठ. मीही पॅटर्न लिहिते आणि विणकाम शिकवते, म्हणून सांगते, रॅव्हलरीवरून हाकललं जाणं म्हणजे एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं जाणं नव्हे. दुकान आणि हिशेबाची वही दोन्ही एकदम जातात.

मालकांनाही याची जाणीव होती. कायमची बंदी आली तरी विकत घेतलेले पॅटर्न सदस्याला मिळत राहतील, त्याच्या नोंदींची प्रत दिली जाईल, असं नियमातच होतं. ट्रम्पसमर्थकांनी इथे यावं, विणावं, फक्त तो पाठिंबा इथे मांडू नये. आणखी एक कलम मला फार शहाणपणाचं वाटतं: कुणाला मुद्दाम डिवचून त्याच्या तोंडून पाठिंबा वदवून घ्यायचा आणि मग तक्रार करायची, हे चालणार नाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या ग्रुपवर राहिलेल्या माणसाला या कलमाचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

हा नियम आभाळातून पडला नव्हता. आधीच्या ऑक्टोबरात भूमिका-खेळांच्या चाहत्यांच्या आरपीजी डॉट नेटने असाच नियम केला होता आणि रॅव्हलरीने ते ऋण मोकळेपणाने मान्य केलं. पण खरी सुरुवात त्याहूनही आधीची, जानेवारी २०१७ मधली. ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, वॉशिंग्टनसह अनेक शहरांत त्यांच्या विरोधात स्त्रियांचे मोर्चे निघाले आणि रस्ते गुलाबी टोप्यांनी भरून गेले. कल्पना क्रिस्टा सुह आणि जेना झ्वायमन यांची, पॅटर्न लॉस एंजेलिसच्या कॅट कॉइल यांचा. पॅटर्न इतका सोपा की पहिल्यांदा सुई धरणारीलाही जमावा. एक लांबट आयत विणायचा, दोन्ही टोकांना उलट-सुलट बॉर्डर, मध्ये सपाट वीण. मग तो मधोमध दुमडून बाजू शिवायच्या. कान वेगळे विणायचे नाहीत; टोपी डोक्यावर चढवली की वरचे दोन कोपरे आपोआप मांजराच्या कानांसारखे उभे राहतात. काही ठिकाणी गुलाबी लोकर मिळेनाशी झाली. टेनेसी राज्यातल्या एका लोकरीच्या दुकानदारीणबाईंनी मात्र या टोप्यांसाठी लोकर घ्यायची असेल तर माझ्याकडे येऊ नका, असं जाहीर केलं.

मग दुसऱ्या बाजूनेही सुया उचलल्या. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधा, अशी घोषणा मिरवणाऱ्या टोपीचा पॅटर्न रॅव्हलरीवर आला आणि भडका उडाला. इथे कारागिरीचा एक मुद्दा आहे, तो बातम्यांमध्ये कुठे दिसला नाही. टोपीवर अक्षरं विणायची तर आधी ती चौकटीच्या कागदावर मांडावी लागतात. एक चौकोन म्हणजे एक टाका. दोन रंग एकाच ओळीत चालवायचे, ज्याचं काम नाही तो धागा मागून सैल न्यायचा. जरा घट्ट ओढला तर टोपी आक्रसते आणि अक्षरं वेडीवाकडी होतात. रागाच्या भरात टाईप केलेली ही ओळ नव्हे. बाईने चार संध्याकाळी बसून, उसवून, पुन्हा विणून ती घोषणा डोक्यावर घेतलेली असते. तेव्हा ‘राजकारण बाहेर ठेवा, इथे फक्त विणकामावर बोला’ असं म्हणणाऱ्याला विचारावं लागतं, की या टोपीचं काय करायचं? ते विणकामच आहे.

त्याच वर्षी जानेवारीत एका वादाचा धागा थेट आपल्यापर्यंत आला होता. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या विणकर लेखिकेने भारताच्या नियोजित प्रवासाबद्दल आनंदाने लिहिलं. लहानपणापासूनचं स्वप्न, आणि आता जणू मंगळावर जायचं तिकीट हाती आलं, अशा थाटात. गोऱ्या वाचकांना त्यात काही खटकलं नाही. भारतीय वंशाच्या आणि इतर विणकर स्त्रियांनी विचारलं, की आमचं घर तुम्हाला परग्रह वाटतो का? लेखिकेने माफी मागितली, पण चर्चा इन्स्टाग्रामवर कित्येक आठवडे चालली. लोकरीच्या दुकानात आपल्याकडे संशयाने कसं पाहिलं जातं, पॅटर्नच्या फोटोंत काळ्या-सावळ्या मुली का दिसत नाहीत, हे बायका पहिल्यांदा एवढ्या उघडपणे लिहू लागल्या. ‘आमचा छंद किती निर्मळ होता, तुम्ही राजकारण आणलंत’ अशी उत्तरंही आली. ज्यांना दुकानात कधी कुणी हटकलं नव्हतं, त्यांच्याकडून ती बहुतेक आली, हे ओघानेच आलं.

आणि हा छंद निर्मळ होता तरी कधी? चार्ल्स डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधली मादाम दफार्ज, गिलोटिनखाली कुणाकुणाला घालायचं त्यांची नावं विणकामातून नोंदवत बसते. ती कादंबरीतली, पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या सभांत आणि वधस्तंभापाशी विणत बसणाऱ्या बायका इतिहासातल्याच आहेत. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेत लोक नाझींच्या निषेधासाठी लाल लोकरीच्या टोप्या घालू लागले, तेव्हा १९४२ च्या फेब्रुवारीत त्या टोप्यांवर बंदी आली. आपल्याकडे १९६२ च्या युद्धात घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले गेले. त्याला कुणी राजकारण म्हटलं नाही. सगळ्यांचं एकमत असलं की राजकारण दिसेनासं होतं, एवढंच.

बेळगावचं उदाहरण तर याहून बोलकं. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि सभासदत्वाची वर्गणी सुतात ठरली: दरमहा २००० वार हातसूत. स्वतः कातता येत नसेल तर दुसऱ्याकडून घेऊन द्या, पण सूत द्या. वर्षभरातच ही सक्ती सैल करावी लागली आणि चार आण्यांची वर्गणी पर्याय म्हणून परत आली. चरखा मात्र टिकला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी वापरलेला पेटीचरखा २०१३ साली इंग्लंडमध्ये लिलावात १,१०,००० पौंडांना गेला. त्याच धाटणीचे घडीचे चरखे आज अमेरिकेतल्या हौशी बायका कापूस कातायला वापरतात, आणि त्याबद्दलच्या गप्पा रॅव्हलरीवर रंगतात. त्यांतल्या कितीजणींना त्या पेटीतलं राजकारण जाणवतं, कोण जाणे!

रॅव्हलरीच्या नियमाबद्दल माझं मत सरळ आहे. भिंतीची टोपी काढून टाकली, हे योग्य झालं. त्या भिंतीपलीकडून आलेल्या कुटुंबांतल्या बायकाही त्याच वसाहतीत विणत होत्या आणि ती घोषणा त्यांना उद्देशून होती. परिचयाच्या पानावरची एखादी ओळही त्याच तराजूत तोलली, तिथे मात्र हात सैल सुटला. मत बाळगणं आणि कुणाला दार दाखवणं, यांत फरक करता आला असता. तरीही एका गोष्टीचं श्रेय मालकांना द्यायलाच हवं. त्यांनी ‘वातावरण बिघडतं’ असल्या गुळमुळीत सबबीमागे तोंड लपवलं नाही. काय चालणार नाही, का चालणार नाही, चुकलं तर काय होईल आणि तुमची वही तुम्हाला कशी मिळेल, हे सगळं लिहून, आपली जबाबदारी मानून जाहीर केलं. काहीजण सोडून गेले, काहीजण त्यासाठीच आले.

आपल्याकडच्या विणकामाच्या ग्रुपांवर पहिला नियम ठरलेला असतो: राजकीय आणि धार्मिक पोस्ट नकोत. ॲडमिनबाईंची भीती मी समजू शकते. कुणी काही टाकलं तर पोलीस आपल्या दारी येतील, असं अनेकजणींना वाटतं. वास्तविक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केलं आहे, की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही. त्यात तिचा सामायिक हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसला पाहिजे. भीती ओसरली तरी नियम राहतोच, आणि तो लावला कसा जातो ते बघण्यासारखं असतं. पंधरा ऑगस्टचं तिरंगी टोपडं चालतं, त्यावर बदाम आणि टाळ्या. सणाच्या देवाच्या मूर्तीला विणलेलं झबलं चालतं. पण कुणी आंदोलनातल्या माणसांसाठी मफलर विणून फोटो टाकला, की ‘ताई, ग्रुपचे नियम बघा’ असा मेसेज लगेच येतो. म्हणजे राजकारण नको असं नसतं. अनोळखी राजकारण नको असतं.

फॉरवर्ड केलेले व्हिडिओ, नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाला मत द्यायचं याचे उपदेश हे सगळं खुशाल बंद ठेवा. त्यात कुणाचा एकही टाका नसतो. स्वतःच्या हाताने विणलेल्या वस्तूला मात्र, तिच्यावर काहीही लिहिलेलं असो, विणकामाच्या ग्रुपवर जागा असली पाहिजे. सदस्यांपैकीच कुणाच्या जिवावर ती उठत असेल तेवढा अपवाद. दिवाळीनंतर थंडी पडेल, स्वेटरांचे नवे ग्रुप निघतील. तुम्ही ॲडमिन असाल तर ‘राजकीय पोस्ट नकोत’ एवढ्या तीन शब्दांवर थांबू नका. नेमकं काय नको आणि का नको, ते दोन ओळींत लिहा, आणि खाली आपलं नाव घाला.