बेचाळिसावा दिवस

कुठलाही प्रोजेक्ट प्लॅन हातात आला की मी आधी एकच ओळ शोधतो: "हे वेळेत झालं नाही तर काय?" बहुतेक वेळा ती नसतेच. ती नसण्याची मला माहीत असलेली सगळ्यात महाग किंमत १९१४ सालची आहे.

जर्मनीची अडचण सरळ होती. एका अंगाला फ्रान्स, दुसऱ्या अंगाला रशिया. रशियाचं अवाढव्य सैन्य जमायला वेळ लागणार, तेवढ्यात फ्रान्स उरकून टाकायचा. साधारण सहा आठवडे. मग गाड्यांत बसून पूर्वेकडे. श्लीफेनने १९०५ मध्ये आराखडा लिहिला, त्याच्यानंतर आलेल्या मोल्टकेने थोडे फेरफार करून तो वापरला. फ्रान्सच्या सरहद्दीवर किल्ल्यांची रांग, म्हणून बेल्जियममधून वळसा. तटस्थ बेल्जियम 'नाही' म्हणाला, पण ते ऐकतो कोण!

२ ऑगस्ट हा सैन्य जमवण्याचा पहिला दिवस. कलोनच्या पुलावरून दर दहा मिनिटांनी एक गाडी ऱ्हाईन ओलांडत होती, तीसुद्धा वेळेवर. (आपल्या लोकलने शिकावं.) पण मंडळी, हे सगळं सरहद्दीपर्यंत. पुढे बेल्जियन लोकांनी पूल आणि बोगदे उडवून दिले होते. म्हणजे पुढचा प्रवास पायी, पाठीवर ओझं, ऑगस्टच्या उन्हात, आठवडेच्या आठवडे. एकट्या क्लुकच्या सैन्यात ८४ हजार घोडे. त्यांची वैरण कोण आणि कशातून आणणार? मोटार ट्रक होते, पण मोजके, आणि तेही धडाधड बंद पडत होते.

मोल्टकेने दोन कोअर पूर्वेकडे पाठवल्या म्हणून डाव फसला, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दोन कोअर थांबल्या असत्या तर आणखी हजारो तोंडं त्याच रस्त्यांवर उपाशी चालली असती. जर्मन सैनिक रोज आपल्या रेल्वेपासून लांब जात होता आणि फ्रेंच सैनिक मागे हटता हटता आपल्या रेल्वेजवळ येत होता. जॉफ्रने पूर्वेकडच्या तुकड्या गाड्यांत घालून पॅरिसजवळ आणल्या. सुमारे सहाशे टॅक्सींची गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. पण खरं काम रेल्वेने केलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मार्न नदीवर गाठ पडली. क्लुक आणि शेजारच्या जर्मन सैन्यात मोठं खिंडार पडलं, ब्रिटिश त्यात शिरू लागले. मोल्टके दूर लक्झेंबर्गमध्ये, वायरलेसचा भरवसा नाही. शेवटी त्याने हेन्च नावाच्या एका लेफ्टनंट कर्नलला मोटारीतून पाठवलं, आणि माघार ठरली.

१२ सप्टेंबर हा बेचाळिसावा दिवस. त्या सुमारास जर्मन सैन्य एन नदीच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवर पोचलं आणि फावडी काढली. चर खणले ते तात्पुरते, श्वास घ्यायला. पण खड्ड्यात बसलेल्या माणसाला मशीनगनसमोरून चालत येऊन हुसकावणं जमेना, हे दोन्ही बाजूंना कळलं. मग एकमेकांना वळसा घालायचा खेळ उत्तरेकडे सरकत गेला. प्रत्येक वळसा अर्धवट, प्रत्येक ठिकाणी नवे खंदक. शेवटी समुद्रच आला. ऑक्टोबरअखेर बेल्जियनांनी न्यूपोर्टचे दरवाजे उघडून भरतीचं पाणी शेतांत सोडलं आणि तिकडची वाट मिटली. स्वित्झर्लंडपर्यंत जवळजवळ ७०० किलोमीटरची रेघ.

या रेघेवर आपलेही लोक होते. २६ सप्टेंबरला हिंदी सैन्य मार्सेय बंदरात उतरायला लागलं आणि महिन्याभरात फ्लँडर्सच्या चिखलात जाऊन पोचलं. २३-२४ नोव्हेंबरच्या रात्री फेस्टुबर्टजवळ गढवाल रायफल्सचा नाईक दरवान सिंग नेगी, डोक्याला आणि हाताला जखमा घेऊन, हातबॉम्ब आणि गोळ्यांच्या माऱ्यात खंदकाच्या प्रत्येक वळणावर सगळ्यात पुढे शिरत होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उजाडला तो ११५ वा दिवस, आणि मिळाले होते ते आपलेच, आदल्या दिवशी गेलेले खंदक.