ओवीचे चरण

गण, मात्रा, यती, चरण. काव्यशास्त्राच्या तासाला हे शब्द आपण परीक्षेपुरते वहीत उतरवतो. मी मात्र ‘ओवी’पाशी अडलो. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड, म्हणून साडेतीन चरणी. लघुगुरूचे बंधन नाही. व्याख्या नेमकी आहे. याच ओवीत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाला गीतेवर टीका सांगितली. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महीपतींचा ‘भक्तविजय’ (१७६२) हाही ओवीबद्धच.

आमच्या आजीची ओवी मात्र या मापात बसत नाही. कधी ती दोनच ओळींची असते. जात्याच्या फेऱ्याबरोबर आजी स्वर लांबवते; अक्षर कमी पडले, की ‘गं बाई’ घालून जागा भरते. (पंडित यालाच पादपूरण म्हणतात!)

“आजी, ओवीला चरण किती?” मी विचारले.

“चरण देवाला असत्यात रं, दोन.”

गावात गिरणी आल्यापासून जाते कोपऱ्यात पडले आहे. लग्नाची हळद दळतानाच काय ते फिरते. आजीच्या एकतीस ओव्या मी उतरवून घेतल्या. बाकीच्या, ती म्हणते, खुंटा हातात असल्याशिवाय आठवत नाहीत.