खिळे घासणारा मुलगा

आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं संस्कृत पुस्तक आहे. वेळणेश्वरच्या दमट हवेनं पानं तांबूस झालीत, कडा कसरीनं खाल्ल्यात. अक्षरं मात्र अजून टच्च काळी. मुखपृष्ठावर ‘निर्णयसागर’ छापखाना, मुंबई, आणि ‘तुकाराम जावजी’ हे नाव. मी नावातल्या दुसऱ्या शब्दामागे लागलो. जावजी म्हणजे तुकारामचे वडील, जावजी दादाजी.

जन्म १८३९चा. शिक्षण जेमतेम. दहाव्या वर्षी पोरगा मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागला. काम खिळे घासण्याचं, पगार महिना दोन रुपये. खिळा म्हणजे शिशाच्या तुकड्यावरचं एक उलटं अक्षर. पोलादावर अक्षर कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं. बाहेर पडलेल्या खिळ्याला कंगोरे राहतात, ते घासावे लागतात. नीट घासला नाही तर छापताना ओळ वाकडी बसते. म्हणजे अक्षराशी याची पहिली ओळख वाचून नाही, बोटांनी झाली.

इंग्रजीचं काम थोडक्या खिळ्यांत भागतं. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून काही शे लागतात. अर्थात वेगळ्या अक्षरांची कटकट त्यांनाही होतीच. पहिल्या एलिझाबेथच्या काळात लंडनच्या जॉन डेनं जुनी इंग्रजी छापायला खास खिळे पाडून घेतले. पण त्याच्या पाठीशी आर्चबिशप होता. जावजींनी आधी नोकऱ्या केल्या, १८६४मध्ये स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९मध्ये निर्णयसागर. ठसे कोरायला राणोजी रावजी आरू हा मित्र होता. मला या गोष्टीतला खरा हिरो तोच वाटतो. पुस्तकावर मालकाचं नाव येतं, अक्षर कोरणाऱ्याचं येत नाही.

मग जुळाऱ्याचं काम. एकेक खिळा उचलायचा, उलटी ओळ रचायची, मुद्रितं तपासायची, छापून झालं की सगळे खिळे परत आपापल्या खणात. १८८६पासून ‘काव्यमाला’त जुनं संस्कृत साहित्य असं छापलं जाऊ लागलं. १८९२मध्ये जावजी गेले. त्या आवृत्त्यांची स्कॅन केलेली पानं मी आज लोकलमध्ये उभ्यानं वाचतो.

मी ज्या अ‍ॅपवर काम करतो, त्याच्या मराठी स्क्रीनवर ‘दुसऱ्या’ हा शब्द फुटतो. ‘ऱ्या’ म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी चार तुकडे : नुक्तावाला र, हलन्त, य, काना. आमच्या फॉन्टला ते जोडताच येत नाहीत. त्यामुळे पाय मोडलेला र एकीकडे आणि ‘या’ दुसरीकडे. मी तिकीट टाकलं. ‘लो प्रायॉरिटी’ असा शेरा आला, वर ‘मराठी कोण ठेवतं सेटिंगमध्ये?’ असा प्रश्नही. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. आमच्या टीममधल्या मराठी पोरांचेही फोन इंग्रजीतच असतात. पण आजीचा मराठीत आहे. तो मीच तसा करून दिलाय.

ते जोडणं फार तर दोन दिवसांचं काम आहे. पोलाद कोरायचं नाही, शिसं वितळवायचं नाही.

तिकीट अजून उघडंच आहे. गेल्या आठवड्यात मी त्यावर परत स्क्रीनशॉट टाकला, मोडक्या र भोवती लाल गोल काढून.