कानात रातकिडे, डोक्यात हातोडे

रात्री घर शांत झालं, पंखाही बंद केला, तरी तुमच्या कानात रातकिड्यांसारखा आवाज येत राहतो का? आणि सकाळी डोकंही ठणकतं? मग हे वाचाच. ही जोडगोळी मी सहा वर्षांपासून सांभाळते आहे.

डॉक्टर या आवाजाला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. बाहेर आवाज नसतोच, म्हणून घरच्यांना पटवणं कठीण. "त्या आवाजानेच तुझं डोकं दुखत असणार," हे मात्र सगळ्यांचं ठाम मत.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी ऐकण्याची तपासणी केली. मग म्हणाले, "दात घट्ट आवळा." आवळले, तर कानातली शिट्टी चढली! जबडा सैल सोडला, उतरली. तुम्हाला आवाजाचा त्रास असेल तर करून बघा, आणि फरक पडला तर डॉक्टरांना सांगा. जबडा आणि मान यांच्याकडून येणाऱ्या नसांचा मेंदूत ऐकण्याच्या केंद्रांशी संबंध येतो. चेहऱ्याची ट्रायजेमिनल नावाची नस तर अर्धशिशीतही सामील असते. म्हणजे आवाजामुळेच डोकं दुखतं असं नाही. कधी दोन्हींचं मूळ एकच असतं. माझं निघालं झोपेत दात आवळण्यात. दंतवैद्यांनी रात्री दातांवर घालायचं कव्हर बनवून दिलं, मानेचे व्यायाम सुरू झाले. सकाळची डोकेदुखी आता महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच. आवाज गेला नाही, पण त्याचा त्रास कमी झाला. झोपताना मी पंखा मंद चालू ठेवते, थंडीतही. (नवरा दोन पांघरुणं घेतो.)

शेजारच्या काकूंचं लसणाचं तेल कानात घालू नका, पडद्याला छिद्र असेल तर भलतंच व्हायचं. गोळ्यांचंही तसंच. अ‍ॅस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतलं तर त्यानेच कानात आवाज येऊ शकतो. आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं महिनोन्‌महिने घेत राहिलं, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं. कॅलेंडरवर खूण करत चला, दूधवाल्याचा हिशेब ठेवतो तशी.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात असेल, किंवा डोकेदुखीसोबत नजर अंधूक होत असेल, तर तपासणी लांबवू नका; डोक्यातला दाब वाढल्यानेही असं होतं. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.