मनगटावरचा ‘अभय’

गुंदच्या आमच्या भाचीने मनगटावर गोंदवून घेण्यासाठी ‘अभय’ हा शब्द निवडला आणि संस्कृत म्हणून तपासण्यास आमच्याकडे पाठविला. प्रत्ययावरून वाद घालण्याची वकिली खोड आम्हांस आहेच. संस्कृतात हे नुसते प्रातिपदिक. विभक्तीवाचून ते पद होत नाही. निर्भयता अभिप्रेत असेल तर ‘अभयम्’, निर्भय स्त्री असेल तर ‘अभया’. देवनागरीत लिहिले म्हणून ते संस्कृत ठरत नाही. कन्नड लिपीतही संस्कृत तितकेच शुद्ध लिहितात. प्रत्ययाविना ‘अभय’ हा मात्र पुरता मराठी शब्द आहे. तसे तिला कळविले. ‘अभयम्’मधील मचा पाय मोडणारी बारीक रेघ कातडीत पसरण्याचे भयही सांगितले. तिचे उत्तर आले, “मामा, मग मराठीच राहू दे.”